तापविलेले माणिक व नीलम : उष्णताप्रक्रियेची ओळख आणि तिच्या मर्यादा

सहायक प्राध्यापक (एम.एस्सी., एम.फिल.), रसायनशास्त्र विभाग, सालेकसा, जि. गोंदिया

बीजशब्द : कुरुविंद, माणिक, नीलम, उष्णताप्रक्रिया, समावेश, अवरक्त वर्णपट, रत्नप्रमाणपत्र

प्रस्तावना

माणिक किंवा नीलम विकत घेणारा ग्राहक सराफाला बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘खडा असली आहे ना?’ सराफ होकारार्थी उत्तर देतो आणि ते उत्तर पुष्कळदा खरेही असते. परंतु जमिनीतून निघालेला खडा आणि अंगठीत बसलेला खडा यांच्या दरम्यान एक भट्टी येऊन गेलेली असते, ही गोष्ट त्या संभाषणात क्वचितच येते. आज जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या माणिक व नीलमांपैकी बहुसंख्य खडे कोणत्या ना कोणत्या प्रकारे तापविलेले असतात. तापविल्याने खडा खोटा ठरत नाही. तो कुरुविंदच राहतो, त्याचे काठिण्य व घनता बदलत नाही आणि आलेला रंग सामान्यतः टिकाऊ असतो. मात्र त्याच आकाराच्या, त्याच रंगाच्या न तापविलेल्या उत्तम खड्याची किंमत तापविलेल्या खड्यापेक्षा अनेक पटींनी अधिक असू शकते. म्हणजेच ‘असली की नकली’ हा प्रश्न अपुरा असून ‘तापविलेला की न तापविलेला’ हा प्रश्न विचारल्यावाचून किंमत ठरविता येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गोंदिया, आमगाव, सालेकसा या भागात माणिक व नीलम प्रामुख्याने राशीचे खडे म्हणून घेतले जातात आणि घेणाऱ्याची अशी समजूत असते की, खडा पृथ्वीच्या पोटातून जसा आला तसाच आहे. खड्याने ग्रहपीडा टळते किंवा नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. रसायनशास्त्राच्या शिक्षकाचे त्याविषयीचे मत वाचकांनी गृहीत धरावयास हरकत नाही. परंतु थकबाकीचा हप्ता हाती येताच ‘अनहीटेड’ म्हणून सांगितलेल्या नीलमासाठी महिन्याभराचे वेतन मोजणारे सहकारी आपल्या प्राध्यापक-कक्षात असतात आणि खडा घेऊन झाल्यावर ते तो रसायनशास्त्र विभागात ‘जरा पाहून द्या’ म्हणून घेऊन येतात. अशा वेळी काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आपल्या परिसरातील कुरुविंद

माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपे होत. हे खनिज म्हणजे कुरुविंद, अर्थात स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड. लाल तो माणिक आणि निळा तो नीलम. पिवळ्या कुरुविंदास बाजारात पुष्कराज म्हणतात. संस्कृतातील ‘कुरुविंद’, मराठीतील ‘कुरुंद’ आणि तमिळमधील ‘कुरुंदम्’ ही एकाच कुळातील नावे आहेत व इंग्रजी नावही याच भारतीय शब्दांवरून आले आहे.

हे खनिज आपल्याला परके नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण ज्या भंडारा जिल्ह्याचा भाग होतो, त्या जिल्ह्यात पोहरा, गिरोला, दहेगाव-पिपळगाव या परिसरात कायनाइट व सिलिमनाइट या खनिजांचे साठे आहेत आणि पोहरा येथे त्यांच्या सोबतीने कुरुविंदही मिळते. दक्षिणेकडे सिरोंच्यापलीकडे, छत्तीसगडमधील भोपालपटनमजवळ कुचनूर येथेही कुरुविंदाचे साठे नोंदविले गेले आहेत. पोहऱ्याचे कुरुविंद अपारदर्शक असून ते घासकामास उपयोगी पडते. त्याच्या सोबतचे कायनाइट व सिलिमनाइट उच्च तापमान सहन करणाऱ्या भट्टीच्या विटांसाठी वापरले जाते.

‘आपल्याकडचे कुरुविंद तापवून त्याचे माणिक करता येईल काय?’ असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर नकारार्थी आहे आणि त्यामागील कारण पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. उष्णता खड्यात नवे काही घालत नाही. खड्यात आधीपासून असलेल्या लेशमात्र अशुद्धींची मांडणी आणि त्यांची संयुजा ती बदलते. योग्य अशुद्धी योग्य प्रमाणात नसेल, किंवा खडा मुळातच भेगा व परकीय खनिजांनी भरलेला असेल, तर कितीही तापविले तरी तो दगडच राहतो.

रंग आणि उष्णता

शुद्ध कुरुविंद रंगहीन असते. त्यातील काही ॲल्युमिनियमची जागा त्रिसंयुजी क्रोमियमने घेतली की लाल रंग येतो. निळ्या रंगासाठी लोह आणि टिटॅनियम दोन्ही लागतात : शेजारी बसलेल्या द्विसंयुजी लोहाकडून चतुःसंयुजी टिटॅनियमकडे प्रकाशाच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन जातो, त्यासाठी वर्णपटाचा पिवळा-तांबडा भाग शोषला जातो आणि उरलेला निळा प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. लोह त्रिसंयुजी अवस्थेत असेल तर ही देवघेव होत नाही. मग खडा फिका पिवळसर किंवा रंगहीन दिसतो.

यावरून भट्टीत काय घडते ते समजते. श्रीलंकेतील ‘गेउडा’ नावाचे खडे दुधाळ व पांढुरके असतात. त्यांतील टिटॅनियम रुटाईल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया व कणांच्या रूपाने वेगळे पडलेले असते. हा खडा १५०० ते १८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की रुटाईल कुरुविंदात विरघळते व टिटॅनियम जालकात जाऊन बसते. भट्टीतील वातावरण क्षपणकारक ठेवले असेल तर लोह द्विसंयुजी होते. दुधाळपणा जातो आणि निळा रंग येतो. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी हे खडे कवडीमोलाने घेऊन चांथाबुरी येथील भट्ट्यांत तापविले आणि नीलमाच्या बाजाराचे स्वरूपच पालटले. कुरुविंदाचा द्रवणांक सुमारे २०५० अंश असल्यामुळे हे सर्व खडा न वितळता घडते.

माणिकाच्या बाबतीत दिशा उलटी असते. १९९० च्या दशकाच्या आरंभी म्यानमारमधील मोंग सू येथे सापडलेल्या माणकांच्या गाभ्यात गडद निळसर-जांभळा डाग असतो. ऑक्सिडीकारक वातावरणात तापविले असता लोह त्रिसंयुजी होते, निळी छटा नाहीशी होते आणि शुद्ध लाल रंग उरतो.

ही कल्पना आधुनिक नाही. अकराव्या शतकातील अल्-बिरुनी आणि तेराव्या शतकातील अल्-तिफाशी या दोघांच्या रत्नविषयक ग्रंथांत माणिक तापविण्याचा उल्लेख आढळतो. श्रीलंकेत कोळशाच्या निखाऱ्यावर फुंकणीने हवा देऊन गुलाबी-लाल खड्यांतील निळसर झाक घालविण्याची पद्धत अलीकडच्या काळापर्यंत चालू होती. आपल्या सोनाराच्या हातातील फुंकणी आणि ही फुंकणी यांच्यात तत्त्वतः भेद नाही. या जुन्या पद्धतीचे तापमान आधुनिक भट्टीपेक्षा पुष्कळच कमी असे. हा मुद्दा पुढे अडचणीचा ठरतो.

खड्याच्या पोटातील तापमापक

उष्णताप्रक्रियेची ओळख पटविण्याचे सारे शास्त्र एका साध्या विचारावर उभे आहे. कुरुविंद स्वतः उष्णतेने फारसे बदलत नाही, परंतु त्याच्या पोटात अडकलेले इतर खनिजांचे कण, द्रव आणि वायू बदलतात. यांना येथे ‘समावेश’ म्हटले आहे. प्रत्येक समावेश हा एक प्रकारचा तापमापक होय. तो अमुक तापमानाला टिकतो आणि अमुक तापमानाला मोडतो. सराफाच्या भाषेत जो ‘दाग’, तोच परीक्षकाच्या दृष्टीने साक्षीदार ठरतो. आतून पूर्णतः निर्मळ असलेल्या खड्याबाबत परीक्षकाजवळ बोलण्यासारखे फारच थोडे असते, ही गोष्ट ग्राहकांना चमत्कारिक वाटते खरी.

सर्वांत प्रसिद्ध साक्षीदार म्हणजे ‘रेशीम’. रुटाईलच्या लांब, बारीक सुया परस्परांशी ६० व १२० अंशांचे कोन करून विणल्यासारख्या पसरलेल्या असतात. बाजूने प्रकाश टाकून दहा ते चाळीस पट विवर्धनाखाली पाहिले असता त्या अखंड, टोकदार आणि इंद्रधनुषी झाक असलेल्या दिसल्या, तर खडा उच्च तापमानास गेलेला नाही, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. उच्च तापमानात याच सुया तुटक होतात, ठिपक्यांच्या ओळींसारख्या दिसू लागतात आणि अखेर नाहीशा होतात. निळ्या नीलमात सुया विरघळल्या त्या ठिकाणीच टिटॅनियम मोकळे होत असल्यामुळे तुटक रेशमाच्या रेषेवर निळ्या रंगाचे अस्पष्ट ठिपके उमटतात. असे ठिपके हा तापविल्याचा सबळ पुरावा मानला जातो.

दुसरा साक्षीदार म्हणजे अन्य खनिजांचे स्फटिक. ते कुरुविंदापेक्षा वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि काही वितळतातही. त्यामुळे स्फटिकाभोवती ताण येऊन वर्तुळाकार, चकचकीत, तबकडीसारखी भेग पडते. मूळचा धारदार कडांचा स्फटिक गोलसर, पांढुरका, बर्फाच्या गोळ्यासारखा दिसू लागतो. मात्र येथे घाई करू नये. झिरकॉनच्या कणाभोवती किरणोत्सारामुळे निसर्गतःही ताणाच्या भेगा पडतात, म्हणून केवळ भेग पाहून निर्णय देता येत नाही. मधला स्फटिक वितळला आहे किंवा कसे, हे पाहणे अगत्याचे असते.

तिसरा साक्षीदार आपल्या भागातील वाचकांना चटकन पटेल. खड्याच्या पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगांत पुष्कळदा पिवळसर-तपकिरी लोहाचा थर असतो. हा थर गोएथाइट या जलयुक्त लोह ऑक्साइडचा होय. सुमारे ३०० अंशांच्या पुढे त्यातील पाणी निघून जाते व तांबड्या रंगाचे हेमाटाइट उरते. पिवळसर मातीचे कवेलू भट्टीतून तांबडे होऊन निघते, तेही बऱ्याच अंशी याच रासायनिक बदलामुळे. भेगेतील डाग पिवळा राहिला असेल तर खडा मंद आचेवरही गेलेला नाही, असे अनुमान निघते. फार थोड्या समावेशांना इतक्या खालच्या तापमानाची नोंद ठेवता येते, म्हणून हा डाग मोलाचा आहे.

त्याच तोडीचा चौथा साक्षीदार कार्बन डायऑक्साइडचा होय. विशेषतः श्रीलंकेच्या नीलमांत सूक्ष्म पोकळ्या असतात व त्यांत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड आणि त्यावर एक हलता बुडबुडा दिसतो. खडा काही शे अंश तापला की आतील दाब प्रचंड वाढून पोकळी फुटते आणि तिच्याभोवती भेगांचे जाळे पसरते. म्हणून अखंड पोकळी आणि तीतील बुडबुडा हे न तापविल्याचे उत्तम लक्षण समजले जाते. तथापि कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१.१ अंश आहे. त्याच्यावर द्रव आणि वायू यांतील सीमारेषाच उरत नाही आणि बुडबुडा दिसेनासा होतो. वैशाखातील गोंदियात, पंख्याखालच्या टेबलावर, हे लक्षण कोणासही दिसणार नाही. परीक्षण हिवाळ्यात करावे किंवा खडा व काचपट्टी आधी थंड करून घ्यावी. परदेशी पाठ्यपुस्तके ही सूचना देत नाहीत, कारण त्यांच्या लेखकांच्या खोलीचे तापमान बहुधा तिशीखालीच असते.

भेगा सांधण्याविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. मोंग सू येथील माणकांत भेगा फार असतात. ते तापविताना टाकणखारासारखे द्रावक पदार्थ घातले जातात. वितळलेला टाकणखार भेगेत शिरतो, तिच्या भिंतींवरील थोडे कुरुविंद विरघळवितो आणि थंड होताना तेच कुरुविंद पुन्हा जमून भेग सांधली जाते. उरलेला द्रावक काचेच्या थेंबांच्या, बोटाच्या ठशासारख्या जाळ्याच्या रूपाने आत राहतो. निसर्गतः सांधलेल्या भेगांतही असेच ठसे असतात, परंतु त्यांत द्रव असतो; भट्टीतील ठशांत घट्ट काच असून तिच्यात कधी कधी आकुंचनामुळे तयार झालेले बुडबुडे दिसतात. हा भेद ओळखण्यास सरावाची नजर लागते व तो भल्याभल्यांना चकवितो.

याच्याही पुढचा प्रकार शिसेयुक्त काचेचा. २००४ च्या सुमारास जपानमधील रत्नप्रयोगशाळेने याविषयी प्रथम सावध केले. ज्यांस एरव्ही कोणी हात लावला नसता असे भेगाळ, जवळजवळ अपारदर्शक माणिक घेऊन त्यांत उच्च वक्रीभवनांकाची शिसेयुक्त काच भरली जाते आणि खडा पारदर्शक दिसू लागतो. खडा हळूहळू फिरविला असता भेगांत निळ्या किंवा नारिंगी रंगाची झळक मारते व काचेतील चपटे बुडबुडे दिसतात. ही दोन लक्षणे दहापट भिंगातूनही ओळखता येतात. अशा वस्तूस ‘तापविलेले माणिक’ म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होय. ते माणिक व काच यांचे मिश्रण आहे. स्वस्त, मोठे आणि तरीही भडक लाल माणिक दिसले की प्रथम हीच शंका घ्यावी.

सूक्ष्मदर्शकाच्या पलीकडे

सूक्ष्मदर्शकाने निर्णय होत नसेल तेव्हा वर्णपटाची मदत घेतली जाते. कुरुविंदाच्या जालकात लेशमात्र हायड्रोजन हायड्रॉक्सिल गटाच्या रूपाने असतो आणि तापविताना त्याची मांडणी बदलते. श्रीलंका, म्यानमार, मादागास्कर येथील रूपांतरित खडकांतून आलेल्या खड्यांच्या अवरक्त वर्णपटात ३३०९ प्रति सेंटीमीटरपाशी शिखर आणि त्याच्या जोडीला ३२३२ पाशी दुसरे शिखर आढळले, तर ते उष्णताप्रक्रियेचे गमक मानले जाते. परंतु थायलंड किंवा ऑस्ट्रेलियातील बेसाल्टशी निगडित, लोहबहुल नीलमांत ३३०९ चे शिखर निसर्गतःही असते. म्हणून खडा कोणत्या प्रकारच्या खडकातून आला हे ठरविल्याविना शिखरावर विसंबून चालत नाही. याउलट डायास्पोर या जलयुक्त खनिजाचे २००० प्रति सेंटीमीटरच्या आसपासचे रुंद पट्टे मिळाले, तर खडा ५०० अंशांच्या आसपास किंवा त्यावर गेलेला नाही असे समजावे, कारण त्या तापमानाला डायास्पोरचे कुरुविंदात रूपांतर होते.

रामन वर्णपटाचा उपयोग झिरकॉनच्या समावेशासाठी होतो. किरणोत्साराने झिरकॉनचा स्फटिक काळाच्या ओघात विस्कळीत होतो व त्याच्या रामन शिखरांची रुंदी वाढते. उष्णतेने स्फटिक पुन्हा सावरतो आणि शिखरे अरुंद होतात. अतिउच्च तापमानास झिरकॉन मोडून त्यातून बॅडेलेआइट हे झिरकोनियम ऑक्साइड तयार होते.

बेरिलियमच्या प्रकरणाने मात्र सर्वांनाच हतबल केले. २००१ च्या अखेरीस व २००२ च्या आरंभी नारिंगी-गुलाबी नीलम बाजारात एकाएकी विपुल झाले. शोध घेता असे दिसून आले की, भट्टीत बेरिलियमयुक्त खनिज टाकले जात होते आणि सुमारे १८०० अंशांवर बेरिलियमचे अणू खड्यात खोलवर झिरपत होते. द्विसंयुजी बेरिलियम त्रिसंयुजी ॲल्युमिनियमच्या जागी बसल्यामुळे जी विद्युतभाराची तूट निर्माण होते, तिच्यामुळे पिवळा-नारिंगी रंग येतो. उष्णता नवे काही घालत नाही, असे वर म्हटले त्याला हा अपवाद. म्हणूनच याला उष्णताप्रक्रिया न म्हणता विसरणप्रक्रिया म्हणतात. काही खड्यांत पृष्ठभागाच्या समांतर रंगाची कड दिसते. पुष्कळांत ती दिसत नाही. अशा वेळी लेसरच्या साहाय्याने पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म कण उडवून त्यांचे वस्तुमान-वर्णपटाने विश्लेषण करावे लागते. हे काम काही दशलक्षांशांपर्यंतच्या मापनाचे असल्यामुळे मोठ्या प्रयोगशाळांनाच शक्य आहे. पिवळा पुष्कराज घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्या भागात तोच सर्वाधिक खपतो.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत

आपल्या महाविद्यालयांत यांपैकी काय शक्य आहे? प्राणिशास्त्र विभागातील स्टिरिओ सूक्ष्मदर्शक या कामास उत्तम. वनस्पतिशास्त्रातील उच्च विवर्धनाचा सूक्ष्मदर्शक मात्र फारसा कामाचा नाही, कारण त्याचे भिंग खड्याच्या फार जवळ न्यावे लागते. खडा पाण्यात किंवा त्याहून बरे म्हणजे ग्लिसरीनमध्ये बुडवून, खालून पांढरा कागद व प्रकाश देऊन पाहिला असता पृष्ठभागाची चकाकी कमी होते आणि रंगाचे पट्टे दिसू लागतात. नैसर्गिक खड्यातील पट्टे सरळ व कोनात वळणारे असतात. ते वक्र असतील तर प्रश्नच मिटतो : खडा कृत्रिम आहे. व्हेर्न्यूईलने १९०२ मध्ये जाहीर केलेल्या ज्योत-पद्धतीने बनविलेले माणिक गेल्या शतकभरातील घरगुती दागिन्यांत सर्रास आढळतात. रंग पैलूंच्या कडांवर गोळा झालेला दिसला, तर टिटॅनियमच्या पृष्ठविसरणाची शंका घ्यावी.

तनुस्तर वर्णलेखनासाठी रसायनशास्त्र विभागात जी अतिनील पेटी असते, तिच्यातील २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली तापविलेले, कमी लोहाचे नीलम कधी कधी खडूसारखी पांढुरकी-निळसर प्रभा देतात. कृत्रिम नीलमही तशीच प्रभा देतो आणि लोहबहुल नीलम तापविलेला असूनही काळोखा राहतो. म्हणून ही चाचणी एकटी पुरेशी नाही. सदर पेटी वापरताना डोळ्यांचे संरक्षण करावे, हे सांगणे नको.

हवेत व पाण्यात वजन करून विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.० आले, तर कुरुविंद आणि काच, कुरुविंद आणि लालडी यांतील भेद कळतो. तापविल्याचा पुरावा मात्र त्यातून मिळत नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या अनेक महाविद्यालयांत आता अवरक्त वर्णपटमापक असतो. पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करावयाची सवय असलेल्या हातांनी येथे एवढेच ध्यानात घ्यावे की, खड्याची भुकटी करावयाची नाही. किरण अखंड खड्यातून जाऊ द्यावयाचा आणि २००० ते ४००० प्रति सेंटीमीटरचा भाग पाहावयाचा. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी हा एक सुंदर लघुप्रकल्प होऊ शकतो. त्यावरून विक्रीचे प्रमाणपत्र मात्र कोणी देऊ नये.

प्रमाणपत्राची भाषा

ग्राहक प्रमाणपत्र पाहून निःशंक होतो आणि नेमके येथेच त्याने थांबून वाचावयास हवे. ‘नॅचरल कोरंडम’ किंवा ‘नैसर्गिक नीलम’ या शब्दांचा अर्थ एवढाच की, खडा प्रयोगशाळेत वाढविलेला नाही. तापविलेला नीलमही नैसर्गिकच ठरतो. उष्णताप्रक्रियेविषयीचे निवेदन सामान्यतः शेरा किंवा अभिप्राय या रकान्यात असते. तो रकाना कोरा असेल तर प्रयोगशाळेने त्याबाबत काहीच म्हटलेले नाही, असे समजावे. कोरेपणा म्हणजे खडा न तापविल्याची ग्वाही नव्हे. लहान आकाराच्या, पत्त्याएवढ्या कार्डांवर हा रकाना अनेकदा नसतोच.

जबाबदार प्रयोगशाळा ‘खडा तापविलेला नाही’ असे सरळ विधान टाळून ‘उष्णताप्रक्रियेची लक्षणे आढळली नाहीत’ असे लिहितात. काही वाचकांना ही पळवाट वाटेल. वस्तुतः ती शास्त्रीय प्रामाणिकपणाची भाषा आहे. १००० अंशांखाली, जुन्या फुंकणीच्या तापमानाला, रेशीम तुटत नाही आणि बहुतेक स्फटिक वितळत नाहीत. खड्यात गोएथाइटचा डाग, डायास्पोर किंवा कार्बन डायऑक्साइडची पोकळी नसेल, तर मंद तापविलेला आणि मुळीच न तापविलेला खडा यांतील भेद जगातील उत्तमोत्तम प्रयोगशाळांनाही कित्येकदा सांगता येत नाही. मग तोंडी ‘शंभर टक्के अनहीटेड’ म्हणणारा दुकानदार हे कशाच्या आधारावर म्हणतो, असा प्रश्न त्यास सभ्यपणे विचारावयास हवा.

सोन्याच्या शुद्धतेसाठी हॉलमार्क आहे. खड्यासाठी तशी शासकीय मुद्रा नाही. मुंबईतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या, १९७१ पासून कार्यरत असलेल्या संस्थेकडे खडा पाठविता येतो. किमती खड्याचा व्यवहार असा तपास होईपर्यंत कच्चा ठेवणे श्रेयस्कर. पावतीवर ‘नीलम, १ नग’ एवढे न लिहिता वजन, ‘न तापविलेला’ किंवा ‘तापविलेला’ हा शब्द आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये वस्तूच्या दर्जाविषयी खोटे निवेदन करणे ही अनुचित व्यापार प्रथा होय. परंतु निवेदन केले गेले हेच सिद्ध करता आले नाही, तर आयोगापुढे तक्रारदाराचे काही चालत नाही. दुकानदार ‘तापविलेला’ असे स्वच्छ लिहून देऊन वाजवी भाव लावीत असेल, तर तो खडा घेण्यात काहीच गैर नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते सामान्य ग्राहकाने तोच घ्यावा.

खडा घरी आल्यानंतरची एक व्यावहारिक बाब राहिली. अंगठी सैल किंवा घट्ट झाली की ती सोनाराकडे जाते, तो टाकणखार लावून डाख देतो आणि खडा पुष्कळदा कोंदणातच असतो. शिसेयुक्त काच भरलेले माणिक या आचेने भेगाळते. लिंबाचा रस आणि दागिने उजळण्याची आम्ले यांनीही त्यातील काच झिजून पांढऱ्या रेषा उमटतात. साधे तापविलेले किंवा न तापविलेले माणिक आच सोसते, परंतु तापलेला टाकणखार त्याच्या पृष्ठभागावर सांडला तर तेथील कुरुविंद विरघळून पैलूची चकाकी जाते. न तापविलेल्या नीलमातील कार्बन डायऑक्साइडची पोकळी अशा वेळी फुटू शकते आणि ज्या लक्षणासाठी अधिक किंमत मोजली तेच नाहीसे होते. म्हणून डाख देण्यापूर्वी खडा कोंदणातून काढून घेण्यास सोनारास आवर्जून सांगावे.